ठेका धरण्याचा हक्क आणि ठेका थांबवण्याचा

गेल्या काही दशकांत भांडवलदारी व्यवस्थापनाने कामगाराच्या श्रमाबरोबर त्याच्या आनंदाचीही व्यवस्था स्वतःकडे घेतली आहे. ब्रिटनमध्ये आणि युरोपातील अन्य देशांत कंपन्यांच्या नोकरवर्गासाठी ब्राझीलच्या सांबा वादनाच्या कार्यशाळा भरवणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. भारतात मुंबई, पुणे, बंगळूर येथील कंपन्यांत हाच प्रकार बहुधा आफ्रिकेतील जेंबे या ढोलावर चालतो आणि 'ड्रम सर्कल' या नावाने ओळखला जातो. कृती साधी आहे. पन्नास-शंभर माणसांना वर्तुळात उभे करावयाचे, प्रत्येकाच्या हाती एकेक वाद्य द्यावयाचे आणि पूर्वी कधी वाद्याला हात न लावलेल्या या माणसांकडून तासा-दोन तासांत एक भरगच्च ठेका वाजवून घ्यावयाचा. साहेब झांज वाजवतो, त्याचा शिपाई मोठा ढोल वाजवतो आणि कोण वरचा, कोण खालचा याचा काही काळ विसर पडतो. यातून संघभावना निर्माण होते, कामातील तेढ निवळते आणि नोकरांचे मन कंपनीत रमते, असे या कार्यशाळा विकणाऱ्यांचे सांगणे असते.

श्रमिक चळवळीने या प्रकाराकडे कसे पाहावे? हे श्रीमंत कंपन्यांचे चोचले आहेत, दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील उसाच्या फडाशी आणि बिद्रीच्या गव्हाणीशी त्यांचा काय संबंध, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु ते दोन कारणांनी चुकीचे ठरेल. एक तर, कंपन्या आज भाड्याने आणतात तो सांबाचा ठेका मुळात उसाच्या मळ्यातला आहे. त्याचा इतिहास हा साखरेच्या मजुराचाच इतिहास आहे. दुसरे असे की, महानगरांतील व्यवस्थापनशास्त्रात आज जे रुजते ते उद्या कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आणि परवा सहकारी कारखान्याच्या कार्यालयात येऊन पोहोचते. कंत्राटी कामगाराची पद्धत अशीच गावोगाव पोहोचली. तेव्हा ढोल दाराशी येण्याआधीच त्याचा विचार झालेला बरा.

ठेक्यात सामर्थ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कापणीची भलरी, जात्यावरची ओवी, ओझे उचलताना एकमुखाने दिलेली हाळी, ही श्रमाची गाणी कोणा व्यवस्थापकाने शिकवली नव्हती. अनेक हात एका लयीत चालू लागले की श्रम हलके होतात आणि शेजारचा माणूस परका वाटेनासा होतो, हे श्रमिकांना ठाऊकच होते. २००९ मध्ये स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ या अमेरिकी संशोधकांनी प्रयोगांनी हेच दाखवले. जी माणसे एका तालात चालली किंवा गायली, ती नंतर एकमेकांशी अधिक सहकार्याने वागली. सांबा कार्यशाळांचे समर्थक अशा संशोधनाचा आधार घेतात, आणि तो खोटाही नाही.

परंतु याच विल्टरमथ यांनी २०१२ मध्ये आणखी प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. म्होरक्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चाललेली माणसे, त्याने सांगितलेले क्रूर कृत्यही इतरांपेक्षा अधिक सहजपणे करतात, असे त्यांत आढळले. म्हणजे एकच लय माणसांना एकमेकांचे सोबती बनवू शकते आणि हुकुमाचे ताबेदारही बनवू शकते. कवायतीच्या मैदानावरील नगारा आणि मोर्चाच्या अग्रभागी असलेला डफ यांत ध्वनीचा फरक थोडाच असतो. फरक असतो तो इतकाच की, ठेका कोणी धरला, कशासाठी धरला आणि तो थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे.

सांबाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, पर्नांबुको आणि बाईया या प्रांतांत, उसाचे मळे उभे केले. या मळ्यांसाठी, आणि पुढे खाणी व कॉफीच्या लागवडीसाठी, सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. जगातील कोणत्याही एका देशात याहून अधिक गुलाम आणले गेले नाहीत. साखरेचा हंगाम सुरू झाला की चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत, आणि गुलामाच्या देहाला थांबण्याची मुभा नसे. ज्यांनी ती मुभा स्वतः घेतली ते पळून रानात गेले. पाल्मारेस या नावाने त्यांनी वसवलेली वस्ती सतराव्या शतकात जवळजवळ शंभर वर्षे टिकली. १६९४ मध्ये फौजेने ती उद्ध्वस्त केली आणि पुढील वर्षी तिचा नेता झुंबी मारला गेला. बाईयातील साल्वादोर शहराभोवतीच्या याच ऊसपट्ट्यात गुलामांनी कामाबाहेरच्या वेळात वर्तुळ करून, टाळ्या आणि ढोलाच्या साथीने गाण्या-नाचण्याची जी रीत जपली, तिला 'सांबा द रोदा' म्हणतात. २००५ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. कंपनीच्या सभागृहातील वर्तुळाचे मूळ येथे आहे. मळ्यातल्या वर्तुळात मालक नव्हता, हा दोहोंतला फरक आहे.

१३ मे १८८८ रोजी ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने रद्द केली. मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही, भरपाई मिळाली नाही. बाईयातून अनेक जण रिओ द जानेरोला आले, बंदरात हमाली करू लागले आणि गलिच्छ वस्त्यांत राहू लागले. तेथे आजचा शहरी सांबा घडला. सरकारी दृष्टीने हे वादन उनाडांचे लक्षण होते. उनाडपणाविरुद्धचा कायदा हाताशी धरून पोलीस वादकांना पकडत आणि वाद्ये जप्त करीत. जोआओ दा बायाना या प्रसिद्ध वादकाची एक हकीकत सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोलिसांनी त्याचे खंजिरीसारखे वाद्य हिसकावून घेतले आणि त्यामुळे सिनेटर पिन्येरो माशादो यांच्या घरच्या मैफलीला तो जाऊ शकला नाही. सिनेटरसाहेबांनी त्याला नवे वाद्य भेट दिले आणि त्यावर आपले नाव कोरवून घेतले. ते नाव पाहून पुढे पोलिसांनी त्याला अडवले नाही. या लहानशा गोष्टीत बराच अर्थ आहे. गरिबाचे वाद्य गुन्हा ठरते. त्याच वाद्यावर धनिकाचे नाव कोरले गेले की ते कला ठरते.

१९२८ मध्ये रिओच्या एस्तासिओ वस्तीत इस्माएल सिल्वा आणि त्याच्या सोबत्यांनी, पहिली सांबाशाळा म्हणून जिचा उल्लेख केला जातो ती मंडळी स्थापन केली. कनिष्ठ वस्त्यांनी आपला मान मिरवण्यासाठी, पोलिसांच्या लाठीशिवाय रस्त्यावरून जाता यावे यासाठी केलेले ते संघटन होते. परंतु सत्तेने हे सामर्थ्य फार काळ मोकळे राहू दिले नाही. १९३७ ते १९४५ या काळात जेतुलिओ व्हार्गास यांची हुकूमशाही होती. तिने एका हाताने कामगारांना किमान वेतन आणि १९४३ ची कामगार संहिता दिली. दुसऱ्या हाताने कामगार संघटना सरकारी खात्याच्या दावणीला बांधल्या आणि संपावर बंदी घातली. प्रचारखात्याने सांबा रचणाऱ्यांना समज दिली की उनाडाची थोरवी पुरे झाली, आता श्रमाची थोरवी गा. कामावर जाणाऱ्या मजुराच्या ट्रामगाडीवर विल्सन बातिस्ता आणि आताउल्फो आल्वेस यांनी रचलेले सांबागीत त्याचे ठळक उदाहरण मानले जाते. रिओच्या लोकांनी त्यातला 'कामगार' हा शब्द काढून तेथे त्याच्याशी यमक जुळणारा 'भोळसट' अशा अर्थाचा शब्द घातला आणि ते गीत मजेत गायिले, असेही सांगतात. तेव्हा सांबाला शिस्तीच्या सेवेला जुंपण्याची कल्पना आजच्या सल्लागारांची नाही. ती हुकूमशाहीने आधीच करून पाहिली होती. आणि तिला लोकांनी दिलेले उत्तरही सांबातूनच दिले होते.

उसाच्या मळ्यातील ढोलाची दुसरी कथा भारतीय वाचकाला अधिक जवळची वाटेल. वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटावर गुलामगिरी संपल्यानंतर मळेवाल्यांनी १८४५ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले. हे मजूर तेथे मोहरम पाळू लागले. हिंदू आणि मुसलमान मजूर एकत्र येऊन ताबूत उचलीत आणि ताशाच्या गजरात मिरवणूक काढीत. कोल्हापुरात आजही हिंदू घरांतून मोहरमचे पंजे बसतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल आणि भय वाटले ते मळेवाल्यांना. वेगवेगळ्या मळ्यांतील मजूर एका ताशावर एकत्र चालू लागले, तर उद्या मजुरीसाठीही एकत्र येतील, हे त्यांनी ओळखले. सरकारने मिरवणुकांना शहरात येण्यास मनाई केली. आणि ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांदो शहराच्या वेशीवर पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. त्यांत अनेक मजूर ठार झाले. त्रिनिदादमध्ये तो ताशा अजून वाजतो आणि 'तासा' याच नावाने ओळखला जातो. श्रमिकांच्या हातातील वाद्याला मालकवर्ग किती भितो, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते हवे?

आता महाराष्ट्राकडे वळावे. कोल्हापूरच्या मातीचे वाद्य म्हणजे हलगी. कुस्तीच्या आखाड्यात, जत्रेत, बैलांच्या शर्यतीत, निवडणुकीच्या गुलालात हलगी-घुमक्याचा आणि कैताळाचा कडकडाट झाल्याशिवाय या जिल्ह्यात काही साजरे होत नाही. परंतु या कडकडाटामागे गावगाड्याची उतरंड उभी आहे. हलगी वाजवणे हे मांग आणि महार समाजांवर लादलेले गावकीचे काम होते. लग्नात वाजवावयाचे आणि पंक्तीत बसावयाचे नाही. देवळासमोर वाजवावयाचे आणि देवळात जावयाचे नाही. सारा गाव एका ठेक्यावर नाचत असे, पण त्या ठेक्यातून समता कधी आली नाही. गावकीची हलगी शेकडो वर्षे गावाची 'संघभावना' निर्माण करीतच होती. तरीही ठेका धरणाऱ्याची जागा वेशीबाहेरच राहिली. नुसत्या एकत्र वाजवण्याने माणसे समान होतात असे मानणाऱ्यांनी या इतिहासाला उत्तर द्यावे.

या स्थितीतून बाहेर पडण्याची वाटही कोल्हापूरच्याच भूमीवर मोठी झाली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द करण्याचे पाऊल उचलले आणि वंशपरंपरेने मानेवर असलेले वेठीचे जू सैल केले. मार्च १९२० मध्ये त्या वेळच्या कागल जहागिरीतील माणगावी परिषद झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. पुढे आंबेडकरी चळवळीने गावकीची हलकी कामे सोडण्याची हाक दिली आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर असंख्य घरांतील हलगी खाली ठेवली गेली. कोणाचा कलेवर राग होता म्हणून हे घडले नाही. जे वाद्य नाकारता येत नाही ते वाजवणाऱ्याचे नसते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. वाजवण्याच्या हक्काआधी न वाजवण्याचा हक्क मिळवावा लागतो. तो मिळाल्यानंतर आज अनेक तरुण तीच हलगी अभिमानाने हाती घेतात, मोबदला ठरवून घेतात आणि कलावंत म्हणून उभे राहतात. तेच वाद्य, तोच ठेका. बदलला तो वाजवणाऱ्याचा अधिकार.

ही कसोटी घेऊन बिद्रीला यावे. येथील श्री दूधगंगा वेदगंगा सहकारी साखर कारखाना कागल, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतील ऊस उत्पादकांचा आधार आहे. पुढे जे लिहिले आहे ते या एका कारखान्यापुरते नाही. महाराष्ट्राच्या साऱ्या साखरपट्ट्याची घडण तशीच आहे. साखर कारखाना ही एक अजस्र लयबद्ध रचना असते. ऊस तोडला की त्यातील साखर उतरू लागते, म्हणून तोडणी, भरणी, वाहतूक, काटा, गव्हाण, गाळप, बॉयलर ही साखळी तिन्ही पाळ्यांत अखंड चालावी लागते. फडात कोयता चालला नाही तर गव्हाण रिकामी पडते. गव्हाण अडली तर गाड्यांची रांग लागते. एकमेकांवाचून कोणाचेच चालत नाही, ही शिकवण द्यायला परदेशी ढोलाची गरज नाही. हंगामातील प्रत्येक रात्र ती देतच असते.

मग या कारखान्याचा संघ कोणाचा? कायम कामगार, हंगामी कामगार, ठेकेदाराकडील कंत्राटी कामगार, ट्रॅक्टरचालक आणि ऊसतोड मजूर अशा त्याच्या पायऱ्या आहेत. उद्या एखाद्या साखर कारखान्याने संघभावनेची कार्यशाळा ठेवली, तर तिच्या वर्तुळात कोण उभे राहील? अधिकारी आणि कायम कामगार नक्कीच उभे राहतील. काही हंगामी कामगार येतील. कंत्राटी कामगाराला त्याच्या ठेकेदाराकडे बोट दाखवले जाईल. आणि बीड-नगरकडून मुकादमाची उचल घेऊन, पाचटाच्या खोपीत संसार मांडून, पहाटेच्या थंडीत फडात उतरलेले जोडपे तर कोणाच्या यादीतच नसेल. ज्यांच्या कोयत्यावर सारी साखर उभी आहे ते कारखान्याच्या लेखी कारखान्याचे नाहीतच. कार्यशाळेचे वर्तुळ जेथे संपते, तेथेच मालकाच्या जबाबदारीची सीमा संपते, हा योगायोग नव्हे.

या ऊसतोड मजुराच्या जीवनातही थांबण्याचा हक्क हाच मूळ प्रश्न आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. आजारपणामुळे एक दिवस काम बुडाले तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर विश्रांती घेणे या स्त्रियांना परवडत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशासमोर आला आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. कोयता थांबवता येत नाही म्हणून देहाचाच एक भाग काढून टाकावा लागतो, याहून भयंकर लय कोणती असू शकेल? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचे मान्य झाले, ते कोणाच्या संघभावनेने नव्हे. मजुरांच्या संघटनांनी आंदोलनाचा दबाव आणला म्हणून झाले.

व्यवस्थापनाचे आस्थेचे शास्त्र नवे नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांपासून त्याची परंपरा सांगितली जाते. कामगाराकडे आपुलकीने लक्ष दिले, त्याला गटाचा आनंद दिला, की उत्पादन वाढते, हा त्या प्रयोगांचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो. याच प्रयोगासाठी निवडलेल्या पाच मुलींपैकी दोघींना, त्या फार बोलतात आणि ऐकत नाहीत म्हणून, १९२८ च्या आरंभी गटातून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या गेल्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आनंदी गटात राहावयाचे तर निमूटपणे राहावे, हा नियम त्या शास्त्राच्या पायातच घातलेला आहे.

आजच्या भारतात हा नियम कायद्याच्या भाषेतही वाचावयास मिळतो. संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये चार श्रमसंहिता मंजूर केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने त्या लागू केल्या. पूर्वी संपाच्या नोटिशीचे बंधन सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. स्थायी आदेशांची सक्ती आणि टाळेबंदी-कपातीसाठी सरकारी परवानगीची अट, या दोहोंसाठी कामगारसंख्येची मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली आहे. आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली, तर तोही संपच समजला जाणार आहे. कामगारांनी एकाच क्षणी ढोल वाजवला तर ती संघभावना, आणि एकाच दिवशी रजा घेतली तर तो कायदेभंगाचा धोका! एकत्र येण्याची कला कामगाराने शिकावी, पण ती वापरावी केवळ व्यवस्थापनाने लावलेल्या वेळापत्रकात, असा हा एकूण व्यवहार आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल. कामाच्या ताणाने पिचलेल्या माणसाला दोन तास मोकळेपणाने वाजवता-नाचता आले, जातीची आणि हुद्द्याची अढी थोडी सैल झाली, स्त्री कर्मचाऱ्यांना चार भिंतींबाहेर मोकळा श्वास मिळाला, तर समाजवाद्यांनी त्यात विघ्न का आणावे? आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला उत्तरही सरळ दिले पाहिजे. त्या आनंदाला विरोध करण्याचे कारण नाही. कामगाराचा आनंद ही मालकाने दिलेली देणगी नसून त्याच्या श्रमातून आलेली त्याची स्वतःची मिळकत आहे, म्हणूनच तो मालकाच्या अटींवर मिळू नये, एवढेच म्हणणे आहे. दोन तासांची समता वर्षभराच्या विषमतेला उतारा म्हणून दिली जाते, तेव्हा ती औषध राहत नाही. ती गुंगी होते. साहेबाने शिपायाबरोबर ढोल वाजवला याचे कौतुक जरूर करावे. परंतु दुसऱ्या दिवशी पगाराच्या वाटाघाटीत साहेब शिपायाच्या प्रतिनिधीसमोर बसतो की नाही, हे पाहिल्याशिवाय ते कौतुक पुरे करू नये.

तेव्हा कामगार संघटनांनी नकाराऐवजी अटी पुढे ठेवाव्यात. अशा कार्यक्रमात भाग घेणे संपूर्ण ऐच्छिक असावे, आणि न घेणाऱ्याच्या नावापुढे कोणतीही खूण पडू नये. तो कामाच्या वेळेत, पगारी वेळेत व्हावा. सुट्टीच्या दिवशी बोलावून नव्हे. हंगामी आणि कंत्राटी कामगारांना त्यात कायम कामगारांइतकाच प्रवेश असावा. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सरकारच्या आदेशाने नेमावयाची वर्क्स कमिटी कागदावर ठेवून तिच्या जागी ढोल आणला जात असेल, तर आधी कमिटी मागावी. वादक आणावयाचेच असतील तर पंचक्रोशीतील हलगीवादकांना आणावे. त्यांना बिदागी नव्हे, कलावंताचे ठरलेले मानधन द्यावे, आणि जेवणाच्या पंक्तीत त्यांचे पान सर्वांबरोबर असावे. ही शेवटची अट कोणाला क्षुल्लक वाटली, तर त्याने गावगाड्याचा इतिहास पुन्हा वाचावा.

परंतु अटी घालून चळवळीचे काम संपत नाही. मालकाचा ढोल कामगाराला गोड वाटतो, याचे एक कारण चळवळीने स्वतःचा डफ खाली ठेवला, हेही आहे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावाच्या चाळीत आणि खेड्यांच्या चावडीवर त्यांनी डफाच्या थापेने माणसे जमवली आणि त्या जमावातून संघटना घडल्या. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव जातिभेदाविरुद्ध तरुणांना एका सुरात उभे केले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा शाहिरांवाचून कल्पितादेखील येत नाही. आज कित्येक युनियनच्या कचेऱ्यांत पगारवाढीचे मसुदे, कोर्टाच्या तारखा आणि वर्गणीची पुस्तके आहेत. गाणे नाही, ठेका नाही. कामगाराचे कुटुंब कचेरीची पायरी चढत नाही, कारण तेथे त्याच्यासाठी केवळ तक्रारीचा अर्ज असतो. ही पोकळी रिकामी राहणार नव्हती. ती भरण्यास एका बाजूने मिरवणुकांचे डॉल्बी आले आणि दुसऱ्या बाजूने कंपनीचे ड्रम सर्कल.

साखरपट्ट्यातील कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे बरेच आहे. प्रत्येक कारखान्याच्या परिसरात कामगारांचे, शेतमजुरांचे आणि ऊसतोड कुटुंबांचे मिळून एक वादन-गायनाचे पथक हंगामापूर्वी उभे राहू शकते. त्यात हलगी असावी, ऊसतोड स्त्रियांच्या ओव्या असाव्यात, धनगरी ढोलही असावा. तोडणीच्या तळांवर हे पथक गेले, तर युनियनचा कायम कामगार आणि बीडकडचा तोडणी मजूर प्रथमच एका वर्तुळात उभे राहतील. तसे वर्तुळ कोणतीही कंपनी भरवणार नाही, कारण त्यातून निघणारी संघभावना तिला महागात पडेल. खाड्याचा दंड बंद व्हावा, स्त्रियांना पगारी विश्रांती मिळावी, उचलीचा हिशेब लेखी असावा, या मागण्यांची भाषा अशा वर्तुळातच तयार होते.

सांबाच्या वादनात एक विशेष आहे, त्याला 'परादिन्या' म्हणतात. मिरवणूक ऐन भरात असताना शेकडो ढोल एका इशाऱ्यासरशी एकदम थांबतात, क्षणभर केवळ माणसांचे गाणे ऐकू येते, आणि मग सारे ढोल पुन्हा एकाच वेळी उसळतात. रिओच्या एका सांबाशाळेचे वादनप्रमुख मेस्त्रे आंद्रे यांना १९५९ मध्ये याचे श्रेय दिले जाते. जाणकार सांगतात की पथकाची खरी एकजूट वाजवण्यात दिसते त्याहून अधिक या थांबण्यात दिसते. १२ मे १९७८ रोजी, ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना, साओ पावलोजवळच्या साओ बेर्नार्दो येथील स्कॅनिया कारखान्यात कामगार नेहमीप्रमाणे पाळीवर आले, यंत्रांपुढे उभे राहिले आणि त्यांनी यंत्रे सुरूच केली नाहीत. हात बांधून ते उभे राहिले. त्या स्तब्धतेतून संपांची लाट उठली, तिने लष्करी राजवटीचा पाया हलवला, आणि १९८० मध्ये लुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगारांचा पक्ष उभा केला. संघभावना म्हणतात ती ही. कार्यशाळेचा प्रशिक्षक सांबाचा ठेका दोन तासांत शिकवील. कारखान्यातील हा थांबा मात्र कामगारांना संघटनेतच शिकावा लागतो.